खानदेशातले ४९ हजार

२०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या भरली ४२ लाख २९ हजार ९१७ आणि धुळे जिल्ह्याची २० लाख ५० हजार ८६२. दोन्ही मिळून जवळपास ६३ लाख. महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे साधारण तीन जण चाळिशी ओलांडलेले असतात. हा हिशोब लावला, तर या दोन जिल्ह्यांत चाळिशीपुढचे सुमारे १९ लाख लोक निघतात. आता या १९ लाखांना २.६ टक्क्यांचा एक किरकोळ वाटणारा दर लावून पाहा. उत्तर येतं ४९ हजार.

काचबिंदू जडलेल्या माणसांचा हा अंदाज आहे. त्याच जनगणनेत दोंडाईचा नगरपालिकेची लोकसंख्या ४७ हजारांच्या आत होती. म्हणजे तान्ह्या बाळांपासून आजोबांपर्यंत सगळं दोंडाईचा मोजलं, तरी या रुग्णांची संख्या त्याहून जास्त भरते. आणि यातली दहापैकी नऊ माणसं अशी आहेत, की आपल्याला काही झालंय याचा त्यांना पत्ताच नाही. ती शेतात जातात, दुकान उघडतात, मोटारसायकल चालवतात, नातवंडांना शाळेत सोडतात.

२.६ टक्के हा दर आला कुठून, तेही सांगायला हवं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या पथकानं दक्षिण तमिळनाडूतल्या खेड्यांमध्ये चाळिशीपुढच्या ५,१५० लोकांचे डोळे तपासले. रुग्णालयात आलेले नव्हे, तर घरोघरी जाऊन निवडलेले हे लोक होते. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १०० जणांत २.६ जणांना काचबिंदू होता. त्याचा जो सर्वांत नेहमीचा, हळूहळू वाढणारा प्रकार आहे, तो १.७ टक्के लोकांत सापडला. त्या प्रकारातल्या ९३ टक्के रुग्णांना तो असल्याचं आधी कोणीही सांगितलेलं नव्हतं आणि पाचांतल्या एकाचा निदान एक डोळा कायमचा गेलेला होता. तमिळनाडूची खेडी आणि खानदेशची खेडी एकसारखी नाहीत. पण ऊन तेच, शेती तीच, तपासणीची टाळाटाळही तीच. म्हणून अंदाजापुरता हा दर इथे लावायला हरकत नाही. १.७ टक्क्यांनी हिशोब करून त्याचा पाचवा हिस्सा धरला, तर एका डोळ्यानं किंवा दोन्ही डोळ्यांनी अंध झालेले या दोन जिल्ह्यांत सहा हजारांवर भरतात.

गावाच्या पातळीवर हाच आकडा पाहू. दोन हजार वस्तीचं एखादं गाव घ्या, यावल तालुक्यातलं किंवा साक्रीतलं. चाळिशीपुढची माणसं सहाशे. त्यांत काचबिंदूचे पंधरा-सोळा. माहीत असलेले एक किंवा दोन. ग्रामसभेला चाळिशीपुढची दोनशे माणसं जमली, तर त्यांतल्या पाचांच्या डोळ्याची नस सुकत चाललेली असू शकते आणि ते पाचही जण फळ्यावर लिहिलेला ठराव नीट वाचू शकतात.

आता आकड्यांची झेप पाहा. भारतात चाळिशीपुढच्या काचबिंदूच्या रुग्णांचा अंदाज २०१० मध्ये १ कोटी १२ लाख असा मांडला गेला. जगात ४० ते ८० या वयोगटात २०१३ साली ६ कोटी ४३ लाख रुग्ण होते आणि २०४० पर्यंत ही संख्या ११ कोटी १८ लाखांवर जाईल, असं संशोधक सांगतात. २०११ मध्ये अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतचा प्रत्येक माणूस मोजावा, जवळपास तेवढे काचबिंदूचे रुग्ण २०४० मध्ये जगात असतील. रोग नव्यानं पसरतोय म्हणून हा आकडा फुगत नाही. माणसं जास्त जगतात आणि हा रोग वयाबरोबर वाढतो, म्हणून तो फुगतो. आपल्या आयुष्याची वाढलेली वर्षं दृष्टीसह जगायची की दृष्टीविना, असा हा प्रश्न आहे.

एवढा मोठा रोग एवढा गुपचूप कसा राहतो, हे समजायला डोळ्याच्या आतले आकडे बघावे लागतात. ते मात्र अतिशय लहान आहेत.

बुबुळाच्या मागे-पुढे एक स्वच्छ द्रव सतत खेळत असतो. तो अश्रूंहून वेगळा. डोळ्याच्या आतच तयार होतो, आतल्या भागांना पोसतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून बाहेर झिरपून रक्तात मिसळतो. त्याचा वेग मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर, म्हणजे दिवसभरात साडेतीन मिलिलिटरच्या आसपास. जळगावच्या केळीच्या बागेत तासाला ४ लिटर पाणी देणारा ड्रिपर नेहमीचा. तो एका तासात जेवढं पाणी सोडतो, तेवढा द्रव तयार करायला माणसाच्या एका डोळ्याला तीन वर्षं लागतात. इतक्या संथ प्रवाहाची वाट थोडी चोंदली, की डोळ्यातलं प्रेशर वाढतं. साधारणपणे ते १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतकं असतं. ते चार-सहा अंकांनी वर गेलं तरी दुखत नाही, लाली येत नाही, पाणी येत नाही. पण तो दाब रात्रंदिवस मागच्या नसेवर पडत राहतो.

ही नस डोळ्यातून बाहेर पडते, ती जागा जेमतेम दीड मिलिमीटर व्यासाची. तेवढ्यातून सुमारे १२ लाख तंतू मेंदूकडे जातात. निरोगी माणसाचेही वयोमानानं वर्षाला चार-पाच हजार तंतू गळतात आणि तेवढ्यानं काही बिघडत नाही. काचबिंदूत ही गळती कैकपट वाढते. धक्का देणारा आकडा पुढेच आहे. एकूण तंतूंपैकी पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे तीन-चार लाख तंतू मेल्यावर मगच दृष्टिक्षेत्र मोजणाऱ्या यंत्राला पहिली खात्रीची खूण मिळते. यंत्राला एवढा उशीर होतो, तर माणसाला किती होत असेल! आणि एकदा मेलेला तंतू कोणत्याही औषधानं, कोणत्याही ऑपरेशननं परत उगवत नाही.

हे दृष्टिक्षेत्र मोजताना एकदा जवळून पाहावं. अंधाऱ्या खोलीत माणूस एका पांढऱ्या अर्धगोलासमोर हनुवटी टेकून बसतो. एक डोळा झाकलेला. हातात बटण. समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही आणि आजूबाजूला कुठेही प्रकाशाचा कण चमकला, की बटण दाबायचं. नेहमीच्या तपासणीत अशा ५४ जागा असतात. कण कधी ठळक, कधी इतका फिका, की दिसला की भास झाला, कळत नाही. एका डोळ्याला पाच-सात मिनिटं. मग यंत्रातून कागद निघतो. निरोगी डोळ्याचा कागद फिकट, त्यावर एकच काळा डाग, आणि तो सगळ्यांनाच असतो. काचबिंदूच्या कागदावर वरच्या किंवा खालच्या बाजूला काळी कमान उमटलेली असते. पुढे ती कमान जाड होते, दुसरीला मिळते आणि शेवटी मधोमध एक उजळ खिडकी तेवढी उरते. या खिडकीतून तो माणूस अजूनही तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो. ‘सहा बाय सहा आहे, नजर एकदम चांगली,’ असं त्याला सांगितलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. कारण तक्ता फक्त मधली नजर तपासतो.

कडेची नजर गेलेल्या माणसाला काळोख दिसत नाही. मेंदू रिकामी जागा आजूबाजूच्या रंगानं भरून काढतो. एका डोळ्यात राहिलेली उणीव दुसरा डोळा झाकतो. मग उंबऱ्याला पाय अडखळतो, ताटाकडेचा पेला सांडतो, जिन्याची शेवटची पायरी चुकते. घरातले म्हणतात, ‘वय झालं.’ सुरत–नागपूर महामार्ग धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा या दोन जिल्ह्यांच्या मधून जातो. त्या रस्त्यावर बाजूनं आलेली गाडी न दिसणं म्हणजे काय, हे कोणाला वेगळं सांगायला नको.

प्रेशर मोजलं की रोग पकडला, असंही होत नाही. भारतातल्या पाहण्यांत असं आढळलं, की हळूहळू वाढणाऱ्या काचबिंदूच्या निम्म्याहून जास्त रुग्णांचं प्रेशर तपासणीच्या वेळी २१ च्या आतच होतं. याचं एक कारण आपल्याच राज्यातल्या एका मोठ्या अभ्यासात दिसतं. २००६ ते २००८ या काळात नागपूरजवळच्या खेड्यांतल्या तिशीपुढच्या ४,७११ लोकांची सविस्तर नेत्रतपासणी झाली. त्यांच्या डोळ्यांचं सरासरी प्रेशर १३.६ आणि पारपटलाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन भरली. युरोपीय वंशाच्या लोकांत ही जाडी साधारण ५४० ते ५५० मायक्रॉन असते. पारपटल पातळ असलं, की प्रेशर मोजणारं यंत्र खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. आपल्याकडच्या डोळ्याला ‘प्रेशर नॉर्मल’ एवढ्या दोन शब्दांवर निर्धास्त सोडता येत नाही, ते यामुळे. बाहुली मोठी करून मागची नस बघावीच लागते.

पातळ पारपटलासारखीच आणखी एक गोष्ट काचबिंदूला झाकते, आणि ती म्हणजे मोतीबिंदू. ‘मोतीबिंदू पिकू दे, मग बघू’ हे वाक्य खानदेशात घरोघरी ऐकू येतं. म्हाताऱ्या माणसाला कमी दिसायला लागलं, की तो मोतीबिंदूच असणार, असं गृहीत धरलं जातं. बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के निघाला, काचबिंदूचा ५.५ टक्के. हे आकडे पाहून काचबिंदू दुय्यम वाटतो. पण दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली, मोतीबिंदूनं गेलेली नजर पंधरा-वीस मिनिटांच्या ऑपरेशननं परत येते. गावोगावच्या शिबिरांनी लाखो लोकांना ती परत दिली आहे. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. दुसरी, त्या पाहणीत अंध कोण, हे तक्ता वाचायला लावून ठरवलं गेलं. उजळ खिडकीतून अजून वाचू शकणारा, पण बाजूचं काहीच न दिसणारा माणूस त्या मोजणीत अंध ठरतच नाही. आणि मोतीबिंदू पिकायची वाट बघण्यात जी वर्षं जातात, त्यात शेजारचा काचबिंदू आपलं काम उरकून घेतो.

काचबिंदूचा दुसरा प्रकार मात्र गाजावाजा करत येतो. त्यात द्रवाची वाट एकाएकी बंद होते. डोळा लाल होतो, भयंकर दुखतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतात. पुष्कळदा याला अर्धशिशी किंवा पित्त समजून रात्र काढली जाते. तो रात्र काढण्याचा आजार नाही. तासा-तासाला नस मरत असते. तेव्हा रात्रीच नेत्रतज्ज्ञ गाठायचा.

आणि तिसरा प्रकार आपण स्वतः ओढवून घेतो. खानदेशच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, धूळ उडते, जिनिंगमध्ये कापसाचे तंतू उडतात. डोळे चुरचुरतात, खाजतात. मेडिकलमधून एक ट्यूब किंवा ड्रॉप्स आणले जातात, लगेच बरं वाटतं, मग दर वेळी तेच. त्यात स्टेरॉइड असेल, तर आठवडे-महिने वापरल्यावर साधारण तीनांतल्या एकाचं प्रेशर थोडंफार वाढतं आणि शंभरांतल्या चार-सहा जणांचं फारच वाढतं. लहान मुलांची नजरही यात गेलेली आहे. चिठ्ठीशिवाय डोळ्यात काही घालू नये, एवढं एक पथ्य पाळलं, तर हा तिसरा प्रकार जवळजवळ संपून जाईल.

आता दिलासा देणारे आकडे. स्वीडनमधल्या एका दीर्घ अभ्यासात दिसलं, की डोळ्याचं प्रेशर एका अंकानं उतरवलं, की रोग पुढे सरकण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो. अमेरिकेत प्रेशर जास्त, पण काचबिंदू अजून न झालेल्या १,६३६ लोकांचा अभ्यास झाला. पाच वर्षांत ड्रॉप्स न घालणाऱ्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, घालणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. म्हणजे निम्म्याहून कमी. ड्रॉप्सनी भागलं नाही, तर लेझर आहे, ऑपरेशन आहे. वेळेवर सापडलेले बहुतेक रुग्ण मरेपर्यंत आपल्या नजरेनं जगू शकतात.

पण त्यासाठी सातत्य लागतं. पंचावन्नाव्या वर्षी रोग सापडला आणि माणूस पंचाहत्तरीपर्यंत जगला, तर रोज रात्री एक थेंब म्हणजे ७,३०० रात्री. दोन डोळे धरून १४,६०० थेंब. डोकं मागे टाकायचं, खालची पापणी ओढून खोबणी करायची, बाटलीचं टोक न टेकवता एकच थेंब टाकायचा, डोळा मिटायचा आणि नाकाकडचा कोपरा बोटानं मिनिट-दोन मिनिटं दाबून धरायचा. दुसरा थेंब टाकून फायदा नाही. डोळ्यात तेवढी जागाच नसते, तो गालावरून ओघळतो. या थेंबानं आधीपेक्षा चांगलं दिसत नाही, काही बरं वाटत नाही. म्हणूनच माणसं महिन्या-दोन महिन्यांत बाटली सोडून देतात. काहीच बिघडलं नाही, हाच या औषधाचा गुण आहे, हे रुग्णाला आणि घरच्यांना बसवून, दोनदा सांगावं लागतं.

उरतो सगळ्यात मोठा प्रश्न. हे ४४ हजार न सापडलेले लोक शोधायचे कसे?

सगळ्यांनाच तपासू म्हटलं, तर गणित असं येतं. नस, प्रेशर आणि गरज पडली तर दृष्टिक्षेत्र, असं नीट तपासायचं, तर एका पथकानं दिवसाला ५० माणसं केली तरी खूप. वर्षाचे ३०० दिवस धरले, तर १५ हजार. १९ लाख लोकांना एका पथकाला जवळपास १२७ वर्षं लागतील. जळगावचे १५ आणि धुळ्याचे ४ अशा १९ तालुक्यांना एकेक पथक दिलं, तरी साडेसहा वर्षांच्या वर. तोवर पहिल्या वर्षी तपासलेले लोक साडेसहा वर्षांनी म्हातारे झालेले असतील आणि पुन्हा सुरुवातीपासून मोजावं लागेल. हा रस्ता परवडणारा नाही.

दुसरा रस्ता आकडेच दाखवतात. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात काचबिंदूच्या रुग्णांची सख्खी भावंडं आणि मुलं तपासली गेली. आयुष्यभरात काचबिंदू होण्याचा संभव त्यांच्यात २२ टक्के निघाला, तर ज्यांच्या घरात हा रोग नाही अशांमध्ये २.३ टक्के. जवळजवळ दहापट. आता आपल्या हिशोबात दहापैकी एक रुग्ण माहीत आहे, म्हणजे दोन्ही जिल्ह्यांत सुमारे ४,९०० जण. प्रत्येकाची चाळिशीपुढची सरासरी तीन भावंडं किंवा मुलं धरा. झाले १४,७०० लोक. एका पथकाचं एका वर्षाचं काम! १२७ वर्षांचं काम एका वर्षावर येतं, आणि रोग सापडण्याची शक्यता जिथे सर्वांत जास्त, तिथेच ते होतं. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. काचबिंदूचा रुग्ण समोर बसला, की डॉक्टरांनी कागदावर लिहून द्यायचं, ‘भावाला आणि बहिणीला घेऊन या.’ आणि रुग्णानं ते खरंच करायचं. आपल्याकडे भाऊबंद एका हाकेवर लग्नाला जमतात. नजरेसाठीही जमतील.

दुसरं दार त्याहून रुंद आहे. चाळिशी आली, की जवळचं वाचायला चष्मा लागतो. कोणाला ४० ला, कोणाला ४५ ला, पण लागतो. म्हणजे ज्या वयात काचबिंदूची भीती सुरू होते, नेमक्या त्याच वयात जवळजवळ प्रत्येक माणूस आपल्या पायानं डोळे दाखवायला निघतो. मात्र तो जातो दुकानात किंवा आठवडी बाजारातल्या चष्म्याच्या पथारीवर, नंबर काढतो आणि घरी येतो. मागची नस कोणी पाहिलेली नसते. चष्मा दुकानातूनच घ्या, पण पहिला नंबर एकदा नेत्रतज्ज्ञाकडून काढा. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडे नेत्रविभाग आहे. मोतीबिंदूच्या शिबिरात गेलात, तर तिथेही विचारा. तिथे विचारायचे प्रश्न दोन: ‘प्रेशर किती आहे?’ आणि ‘नस पाहिली का?’ उत्तर आकड्यात मागा आणि केसपेपरवर लिहून घ्या. चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी आणि घरात कोणाला काचबिंदू असेल तर दर वर्षी हे करा.

मार्चमध्ये जगभर काचबिंदू सप्ताह पाळला जातो, पण त्याची वाट पाहायचं कारण नाही. तुमच्या घरात चाळिशी ओलांडलेले जेवढे आहेत, त्यांची नावं आज एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे नस शेवटची कधी पाहिली ते लिहा. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येणार नाही, त्याला या महिन्यात घेऊन जा.